पोचलीस की फोन कर

गेल्या सोमवारी धाकटी बहीण पहिल्यांदा एकटी स्कूटर घेऊन कॉलेजला निघाली. वडगावहून आंबेगावला. अठरा पूर्ण, लायसन्स हातात. आई दारातून म्हणाली, ‘‘पोचलीस की फोन कर.’’

आपण सगळे याच वाक्यावर वाढलो. पण ते नेमकं कुणासाठी असतं? फोनने तिचा रस्ता सुरक्षित होत नाही, फक्त आपला जीव भांड्यात पडतो.

मी एकोणीस वर्षांची असताना स्कूटर चालवताना खिशात फोन वाजत राहिला. चौथ्यांदा वाजल्यावर एका हाताने काढायला गेले आणि समोरच्या रिक्षावर आदळले. मनगट मोडलं. घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. फोन बाबांचा होता, हे त्यांना आजही माहीत नाही. चूक माझीच, पण ‘उचलला नाही तर घरी काय होईल’ ही भीती माझी एकटीची नव्हती.

2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो. अठराव्या वर्षी ही जबाबदारी मुलाकडे जाते. काळजी मात्र घरातच राहते, आणि ती आपण मुलाच्या खिशात वाजवत बसतो.

मीही तिच्याकडे आठ तासांचं लाइव्ह लोकेशन मागितलं होतं. ‘‘बघून काय करणारेस, ताई?’’ ठिपका थांबला की फोनच केला असता.

त्याऐवजी पंधरा दिवस तिच्या मागे बसले. परतताना नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार लागतो. तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन अपघात झालेत. तिला एवढंच सांगितलं, की ट्रकच्या आरशात ड्रायव्हर दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस. आणि ठरवलं: गाडीवर असताना फोन नाही. उशीर झाला तर झाला. पाऊस असो, भीती वाटो, रात्रीचे बारा वाजोत, बोलावलंस की येईन आणि काही विचारणार नाही. (हे शेवटचं मला जमेल का, शंका आहे.)

सोमवारी पावणेअकरा झाले, मेसेज नाही. ‘‘लाव ना फोन,’’ आई म्हणाली. मी फोन पालथा ठेवला. आई माझ्याशी बोलेना.

अकरा पाचला आला: ‘पार्किंगच मिळत नव्हतं.’