गोडीत झालेला कागद

जर्मनीतल्या ट्युबिंगेनला एक विद्यार्थी होता. एकदा तो मैत्रिणीच्या कम्प्युटरवर लिनक्स लावून द्यायला बसला. बसला आणि वैतागला. एका प्रोग्रॅमची बटणं एका तऱ्हेची, दुसऱ्याची भलत्याच तऱ्हेची. चार पत्रं लिहायची, एखादा खेळ खेळायचा, एवढ्यासाठी साध्या माणसाने किती म्हणून शिकायचं?

ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याने जगभरच्या प्रोग्रॅमरांना हाक दिली, सगळं एकसारखं दिसेल असं घर बांधू या. त्या घराचं नाव केडीई.

घराला विटा लागतात. इथल्या विटा म्हणजे खिडक्या, बटणं, मेनू. त्यांच्या तयार संचाला टूलकिट म्हणतात. त्याने ऑस्लोच्या एका छोट्या कंपनीचं ‘क्यूट’ निवडलं. त्यात एकदा लिहिलेला प्रोग्रॅम युनिक्स-लिनक्सवरही चाले आणि विंडोजवरही. युनिक्सवर मुक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते फुकट होतं, विकणाऱ्याने पैसे भरायचे. अट वाजवीच म्हणायची. कंपनीलाही पोट होतं.

पण लोक कुजबुजू लागले. ‘विटा परक्याच्या. त्यात बदल करून वाटायची मुभा नाही. उद्या त्याने हात आखडला तर?’ काही जणांनी १९९७ मध्ये जीटीके या पूर्ण मुक्त टूलकिटवर वेगळं घर बांधायला घेतलं. ते गनोम.

केडीईवाल्यांनी विटा टाकल्या नाहीत. ते कंपनीशी बोलायला बसले. १९९८ मध्ये कागद झाला. कंपनीने कधीही सलग बारा महिन्यांत क्यूटची नवी मुक्त आवृत्ती काढली नाही, तर सगळा कोड जवळजवळ बिनशर्त खुला करायचा. दोघांचं गोडीत चाललं होतं, तेव्हाच हे ठरलं.

पुढे २००० मध्ये क्यूटला जीपीएल हा मुक्त परवाना मिळाला. २००८ मध्ये नोकियाने कंपनी घेतली. २००९ मध्ये एलजीपीएल हा आणखी सैल परवाना आला आणि अटी पाळून विकाऊ प्रोग्रॅमही फी न भरता बांधता येऊ लागले. २०१२ मध्ये क्यूट डिजिया या कंपनीकडे गेलं. मालक बदलले, कागद राहिला.

टूलकिट निवडताना आपण रूप, वेग आणि फी बघून मोकळे होतो. प्रोग्रॅम विकायचा असो की वाटायचा, मालकाचं मन फिरलं तर पुढे काय, हे विचारायला जीभ रेटत नाही. समोरच्याला राग येईल असं वाटतं. ऑस्लोच्या कंपनीने तर त्यावर सही केली. तो करार, वेळोवेळी सुधारून, आजही लागू आहे.