जागा कोणाची?

रोह्याच्या घरातला जुना कॉम्प्युटर, ३२० जीबीची हार्ड डिस्क, सी ड्राइव्ह लाल. टेम्पररी फाइल्स, डुप्लिकेट फोटो मी बिनधास्त उडवले. मग आजीचं दोन तासांचं रेकॉर्डिंग सापडलं. बहुतेक टीव्हीचाच आवाज, मध्येच तिचं "जेवलास का?"

हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे आधी फक्त नोंद पुसणं. त्या जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. पेणहून आणलेली मूर्तीही आपण दीड दिवसाने कुंडलिकेत सोडतो, पाट घरी परत आणतो. पण तेव्हा सगळं घर सोबत असतं. इथे मी एकटाच ठरवत होतो.

आजी काही फक्त माझी नव्हती. आईला हाक मारली. तिने ऐकलं, म्हणाली, "टीव्हीचा आवाजही राहू दे. घर असंच होतं."