प्रायश्चित्ताची मुदत

पापाची क्षमा झाल्यावर शिक्षा किती काळ उरते? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला हा प्रश्न आम्ही मोठ्या उत्साहाने सोडवीत असू. प्रायश्चित्त पापाच्या प्रमाणात असावे, ते करणाऱ्याच्या कुवतीतले असावे, आणि मुख्य म्हणजे ते कधीतरी पुरे व्हावे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण. आयर्लंडमधील स्त्रियांच्या जीवनाविषयी गेल्या काही दशकांत झालेले संशोधन वाचताना तोच जुना प्रश्न पुन्हा समोर आला. या खेपेस मात्र त्याचे उत्तर पुस्तकात शोधून भागण्यासारखे नव्हते.

हे संशोधन स्त्रीवादी म्हणून ओळखले जाते. तो शब्द ऐकताच आपल्यातील पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. म्हणून प्रथमच सांगतो, या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत एक डॉमिनिकन धर्मभगिनी होती. सिस्टर मार्गारेट मॅकर्टन यांनी डोनखा ओ कोरान यांच्यासमवेत १९७८ साली आयरिश समाजातील स्त्रियांच्या इतिहासावरील लेखसंग्रह संपादित केला. ज्या इतिहासात राजे, बिशप आणि क्रांतिकारक होते, त्यात आया आणि बहिणी कोठे होत्या, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता.

एकदा हा प्रश्न विचारल्यावर बरेच काही दिसू लागले. जोआना बर्क यांनी १८९० ते १९१४ या काळातील खेड्यांचा अभ्यास केला. घरचे लोणी आणि कोंबड्यांची अंडी विकून शेतकऱ्याच्या बायकोच्या हाती चार पैसे येत. लोणी काढण्याचे काम यंत्रांच्या डेअऱ्यांकडे गेले आणि स्त्री उत्तरोत्तर घरकामाकडे वळली. पुढे १९३७ च्या राज्यघटनेने स्त्रीच्या घरातील जीवनाचा गौरव केला. परंतु लग्न होताच सरकारी नोकरीचा राजीनामा देण्याचे बंधन १९७३ पर्यंत टिकले. (घटनेतील ते कलम बदलण्याचा प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये मतदारांनी फेटाळला, म्हणजे हा वाद अजून मिटलेला नाही.) घराला मोठेपण देण्यात काहीच गैर नाही. पण उंबरठ्याची पूजा इतकी झाली की उंबरठ्याबाहेर सापडलेल्या स्त्रीला देशात जागाच उरली नाही.

जी जागा होती तिला माग्दालेना लाँड्री म्हणत. डब्लिनमधील पहिले माग्दालेना आश्रयगृह १७६७ साली एका प्रॉटेस्टंट महिलेने उघडले होते. पुढे धर्मभगिनींच्या संघांनी अशा अनेक संस्था चालविल्या. इतिहासकार मारिया लडी दाखवितात की एकोणिसाव्या शतकात पुष्कळ स्त्रिया येथे आपण होऊन येत आणि आपण होऊन जात. विसाव्या शतकात मात्र दारे आतून उघडेनाशी झाली. २०१३ च्या सरकारी चौकशी अहवालानुसार १९२२ ते १९९६ या काळात सुमारे १०,००० स्त्रिया व मुली तेथे दाखल झाल्या. चौथ्या हिश्शाहून अधिक जणींना तेथे धाडण्यात सरकारचा हात होता. काहींना घरच्यांनी आणून सोडले, काहींना न्यायालयांनी. काही जणी मुलांच्या औद्योगिक शाळांतून थेट आल्या. त्यांनी कोणते पाप केले होते? आणि काहींना धर्मगुरूंनी पाठविले. माझ्यासारख्याने हे वाक्य घाईने वाचून पुढे सरकू नये.

त्या कपडे धूत, इस्त्री करीत. मजुरी मिळत नसे. त्यांना ‘पश्चात्तापिनी’ म्हणत. त्यातल्या ज्या खरोखरच चुकल्या होत्या, त्यांनी पापनिवेदन केले असेल, त्यांना पापक्षमा मिळाली असेल, त्यांनी ख्रिस्तशरीरही स्वीकारले असेल. देवाने मोकळे केलेल्या माणसाला आपण कुलपात ठेवावे, याला नीतिशास्त्रात आधार कोठला? शिवाय चुकीत भागीदार असलेल्या पुरुषासाठी आयर्लंडभर एकही लाँड्री नव्हती.

ते दिवसच तसे होते, असे कोणी म्हणेल. लोकलज्जेची दहशत मोठी होती, खरेच. त्या धर्मभगिनीदेखील त्याच घरांतल्या लेकी होत्या आणि त्याच भीतीत वाढल्या होत्या. यावरून हे कसे घडले ते कळते. घडले ते योग्य ठरत नाही. माग्दालेना हे नावदेखील असेच आंधळेपणाने चिकटविलेले. शुभवर्तमानात ती कोठेही वेश्या नाही. महान ग्रेगरी यांनी ५९१ साली प्रवचनात तिची आणि त्या अनामिक पापी स्त्रीची सरमिसळ केली आणि ती शतकानुशतके टिकली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या बरोबरीच्या सणाचा दर्जा दिला.

आता मुदतीकडे येतो. ज्यांच्या वास्तव्याचा कालावधी नोंदींतून कळतो, त्यांच्यापैकी निम्म्या जणी सात महिन्यांच्या आत बाहेर पडल्या, असे त्या अहवालाने सांगितले. संशोधकांना ते पटले नाही. दोन लाँड्र्यांच्या पुरेशा नोंदी उरल्याच नव्हत्या. तेव्हा मतदारयाद्यांतील नावे आणि दफनभूमीतील शिळांवरची नावे त्यांनी एकेक करून जुळवून पाहिली. लाँड्रीच्या पत्त्यावर मतदार असलेल्या अनेक जणी पुढे तिच्याच थडग्यात सापडल्या. सात महिन्यांच्या आकड्यात ही माणसे बसत नाहीत.

१९९३ साली डब्लिनच्या हाय पार्क येथील मठाची जमीन विकली गेली. तेथील १३३ स्त्रियांचे अवशेष हलविण्याची परवानगी घेतली होती. खोदकामात आणखी २२ निघाले. बहुतेकांचे दहन करून रक्षा ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. परवानगीच्या कागदावर काहींचे जन्मनाव नव्हतेच. एखाद्या संताच्या नावाची ‘माग्दालेना’, एवढीच नोंद. त्या कोणाच्या लेकी होत्या, हे शोधण्याचे काम आता तेच संशोधक करीत आहेत.