पोटखराब

सोलापुराहून बार्शीकडे जाताना नान्नजच्या अलीकडे आमचे वडिलार्जित चार एकर माळरान आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘पोटखराब’. गेल्या वैशाखात धाकट्या भावाने एक कागद माझ्यापुढे ठेवला. रस्त्याच्या भरावासाठी तेथला मुरूम काढायचा. ठेकेदार ब्रासवर पैसे देणार, तहसिलातला परवानाही तोच आणणार. माझी सही तेवढी हवी.

सही करायला हरकत नव्हती. पण त्याआधीच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी त्या माळावर उभा होतो. दिवस मावळता मावळता भोवत्या पक्षी येऊ लागले. राखी नर, तपकिरी माद्या. कुसळीच्या गवतावरून अगदी खालून घिरट्या घालीत एकेक जण गवतात उतरे आणि दिसेनासा होई. शिकारी पक्षी खरा, पण हिवाळ्यात रात्र काढतो ती गवताच्या आडोशाला, भुईवर. अठ्ठावीस मोजले, मग अंधार पडला. मध्य आशियातून नवरात्राच्या सुमारास हे येतात, पाडव्याच्या सुमारास परततात. वैशाखात माळ पाहायला येणाऱ्याला दगड आणि वाळली कुसळे एवढेच दिसणार. तिकडे कझाकस्तानातही १९५४ पासून सोव्हिएत सरकारने पडीक म्हणून कोट्यवधी एकर गवताळ जमीन नांगरून काढली. म्हणजे बिचाऱ्याची दोन्ही घरे सरकारदरबारी पडीकच!

जो सदा हजर नाही, त्याचा जागेवर हक्क किती? आता माझेच पाहा. मी दिवाळीला दोन दिवस गावी जातो. उरलेले वर्ष शहरात. तरी सातबाऱ्यावर माझे नाव आहे आणि माझ्या सहीवाचून फावडे लागत नाही. भोवत्या वर्षातले पाच-सहा महिने तेथे राहतो. त्याला कोणी विचारीत नाही. माझी गैरहजेरी मालकाची आणि त्याची मात्र उपऱ्याची, हा न्याय मला मांडता येत नाही. वीतभर माती मुरमावर असते. ती गेली की खड्ड्यात पाणी साचते, काठाने वेडी बाभूळ माजते. पाहुणा पुढल्या वर्षी यायचा तो कुठे?

हे मी भावाला सांगितले. तो म्हणाला, “आण्णा, तुम्ही पाखरं मोजा, मी हप्ते मोजतो.” त्याचे काय चुकले? १९७९ साली माळढोकासाठी येथे ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले, तेव्हा जमिनीच्या व्यवहारांवर आलेली बंधने शहरातल्या पक्षीप्रेमिकांनी नव्हे, असल्याच शेतकऱ्यांनी सोसली. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ वर आले. आमचा माळ आता हद्दीबाहेर आहे. शिवाय ज्या रस्त्याने एस.टी.त बसून मी गावी जातो, त्याच्याखालीही कुणाच्या तरी माळाचा मुरूम असणारच. पेन्शन घेऊन दया करणे सोपे असते.

कागद माझ्या खणात आहे. या दिवाळीत भाऊ पुन्हा विचारील. त्याला म्हणणार आहे, आधी संध्याकाळी माळावर चल, मग सही माग. तो येईलही. पण पाहून झाल्यावरही त्याने हात पुढे केला, तर पुतणीची कॉलेजची फी मी भरणार आहे का, हे मला एस.टी.त बसण्यापूर्वी ठरवले पाहिजे.