हॅरिएटची साक्ष

कादंबरीकार आपल्या पात्रांविषयी बोलतात याचे आपल्याला नवल वाटत नाही. प्रस्तावनांतून, मुलाखतींतून ते बोलतच असतात. पण एखाद्या पात्राने पुस्तकाच्या पानांतून उठून आपल्या कर्त्याविषयी चार शब्द सांगितले तर? ते कृतज्ञतेचे असतील की तक्रारीचे? प्रश्न वरवर गमतीचा आहे. परंतु राखेत बसलेल्या ईयोबाचा प्रश्न याच जातीचा होता, आणि दुःखाने होरपळलेला माणूस आजही तोच विचारतो : मला घडवणाऱ्याने मला असेच का घडवले?

साक्षीसाठी मी हॅरिएट व्हेनला बोलावीन. न्यायालयाची तिला सवय आहे. डोरोथी सेयर्स (१८९३–१९५७) या इंग्रज लेखिकेच्या ‘स्ट्राँग पॉयझन’ (१९३०) या रहस्यकादंबरीत ती प्रथम दिसते तीच खुनाच्या आरोपाखाली. हॅरिएट स्वतः रहस्यकथा लिहिते. विवाहावर आपला विश्वास नाही असे सांगणाऱ्या एका लेखकाबरोबर ती, मनाविरुद्ध, विवाहावाचून राहिली. पुढे त्यानेच विवाहाची तयारी दाखवली. तेव्हा इतके दिवस आपली केवळ परीक्षा पाहिली जात होती हे ओळखून ती संतापाने निघून गेली. नंतर तो आर्सेनिकच्या विषाने मरतो आणि नव्या कथेच्या अभ्यासासाठी हॅरिएटने खोट्या नावांनी तेच विष विकत घेतलेले असते! ज्यूरीचे एकमत होत नाही म्हणून खटला पुन्हा चालायचा ठरतो. मधल्या अवधीत लॉर्ड पीटर विम्झी हा हौशी गुप्तहेर खरा गुन्हेगार शोधून तिला फासातून सोडवतो.

हॅरिएटची तक्रार मला स्पष्ट ऐकू येते : “बाई, ही जखम तुमची होती. ती माझ्या अंगावर का कोरलीत?” तक्रारीत तथ्य आहे. सेयर्सबाईंनाही विवाह न मानणारा एक लेखक भेटला होता. त्याने नंतर दुसऱ्याच स्त्रीशी विवाह केला. पण हॅरिएट स्वतः लेखिका असल्यामुळे तिला या तक्रारीचे उत्तर ठाऊक आहे. ‘गॉडी नाइट’ (१९३५) मध्ये तिचे एक पात्र निर्जीव उतरते. त्याला खऱ्या माणसाच्या भावना दे, असे विम्झी सुचवतो. तसे केले तर आपल्यालाच फार दुखेल, हे तिला उमगते. बेतलेल्या बाहुल्या लिहिणाऱ्याला काहीच सोसावे लागत नाही. जिवंत पात्राला लेखक आपल्यातलेच काही काढून देतो.

आता साक्षीचा दुसरा भाग, आणि मला तोच मोलाचा वाटतो. विम्झीचे लग्न लावून देऊन त्याच्या कथा संपवाव्यात, असा सेयर्सबाईंचा बेत होता, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. वधू तयार होती, वराने तुरुंगातच मागणी घातली होती. लेखणी हातात असलेल्या बाईंना कोण अडवणार होते? अडवले ते हॅरिएटच्या स्वभावाने. ज्याने प्राण वाचवले त्याच्याशी केवळ उपकाराच्या ओझ्याखाली विवाह करणे तिला शक्य नव्हते. ती ‘नाही’ म्हणाली आणि बाईंनी ते ‘नाही’ कागदावर राहू दिले. १९३५ पर्यंत त्या थांबल्या. मधल्या कादंबऱ्यांत विम्झीलाच अधिक माणूस करीत गेल्या. अखेर ऑक्सफर्डमध्ये, विद्यापीठाच्या जुन्या लॅटिन परिभाषेत, तिला बरोबरीची विदुषी मानून तो विचारतो की हे तिला मान्य आहे का. (सेमिनरीत आम्ही लॅटिनचे प्रत्यय घोकले, तेव्हा या भाषेत कोणी मागणी घालील असे स्वप्नातही आले नव्हते.) ‘नाही’ म्हणायला जागा ठेवून विचारलेला हा प्रश्न आहे. म्हणूनच तिच्या होकाराला किंमत आहे.

विवाहापूर्वी वधू-वरांना स्वतंत्रपणे बसवून आम्ही धर्मगुरू हेच विचारतो. एका मुलीने मला उत्तर दिले होते, “फादर, काकांनी मला शिकवलं, त्यांना नाही कसं म्हणू?” मी वही मिटली. काका माझ्यावर रागावले. रागावणारच, कारण मुलीचे भलेच त्यांच्या मनात होते. पण संमतीवाचून विवाहसंस्कार होत नाही, आणि ती संमती मुलीच्या वतीने काकाही देऊ शकत नाही, चर्चही देऊ शकत नाही.

‘द माइंड ऑफ द मेकर’ (१९४१) या ग्रंथात सेयर्सबाईंनी लेखकाच्या निर्मितीवरून पवित्र त्रित्वाचे चिंतन केले आहे. कथा सोयीची व्हावी म्हणून पात्राच्या स्वभावाविरुद्ध चमत्कार घडवणे त्यांना खोटेपणा वाटे. विम्झीने पुढे ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारावी ही वाचकाची अपेक्षाही त्यांनी मान्य केली नाही. ही उपमा लंगडी आहे, हे नाकारता येत नाही. हॅरिएटचे स्वातंत्र्य शेवटी शाईचे आहे, आपले खरे आहे. ते राखून परमेश्वर आपल्या इच्छेला आतून चालना देतो, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण कोणत्याही कादंबरीच्या कक्षेत मावत नाही. तरीही निर्मात्याचे सामर्थ्य थांबण्यात कसे दिसते, ते मला धर्मशास्त्राच्या वर्गापेक्षा या रहस्यकथांतून लवकर कळले.

एका गोष्टीविषयी मात्र हॅरिएट साक्ष देऊ शकणार नाही. १९२४ च्या जानेवारीत, तो लेखक दूर गेल्यानंतर, दुसऱ्या एका पुरुषापासून सेयर्सबाईंना मुलगा झाला. अविवाहित मातेला तेव्हाचा समाज जगू देत नसे. मावस बहिणीने तो वाढवला. बाईंच्या आईवडिलांना अखेरपर्यंत ठाऊक नव्हते. बाईंनी त्याचा खर्च चालवला, मृत्युपत्रात सारे त्याच्या नावे ठेवले, पण आपण त्याची आई आहोत हे जगाला सांगितले नाही. स्वतःच्या प्रेमभंगाची लाज त्यांनी हॅरिएटच्या रूपाने भर न्यायालयात उभी केली. या मुलाविषयी मात्र त्यांनी हॅरिएटलाही काही सांगितले नव्हते.