सातारकर कोण?

जाधवबाईंनी पाचवीच्या वर्गाला काम दिलं होतं. 'आपलं सातारा शहर' या विषयावर गटागटानं तक्ता करायचा. इतिहास, माणसं, उद्योग, शाळा, सगळं त्यात यायला हवं. सोहमच्या गटात आर्या, समीर धरून चौघं होते. पाचवा म्हणून बाईंनी गणेशचं नाव घातलं आणि सोहमचा चेहरा पडला.

"बाई, तो इथला नाही. त्याला मोती चौकसुद्धा धड माहीत नाही. आमच्या गटात फक्त सातारकर. जन्म साताऱ्यात झालेलेच."

गणेश मागच्या बाकावर एकटा बसला होता. तो बीड जिल्ह्यातला. दसरा झाला की त्याचे आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडायला निघत आणि गणेशची शाळा तिथंच तुटे. फडावरच्या कोपीत राहून कुणी पाढे पाठ करत नाही. यंदा वडिलांनी कोयता सोडला, साताऱ्यात एका खव्याच्या भट्टीवर काम धरलं आणि जूनपासून पोरगं एकाच शाळेत टिकलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नियम तुमचा, मला मान्य आहे. पण नियम केला की तो सगळ्यांना लागू. तक्त्यावर ज्यांची नावं लिहाल, त्यांचा जन्म कुठं झाला तेही शोधायचं. साताऱ्याबाहेर झाला असेल तर नाव खोडायचं. गणेश तुमच्यात बसेल आणि खोडरबर त्याच्याकडे राहील."

सोहमला यात काहीच अवघड वाटलं नाही. त्यानं पहिलं नाव ठळक अक्षरांत लिहिलं, छत्रपती शाहू महाराज. संभाजी महाराजांचे पुत्र. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी शहर वसवलं ते त्यांनी, म्हणून त्याला शाहूनगर म्हणत. आजही आपण ज्या शनिवार, सोमवार, मंगळवार पेठांतून सायकली दामटतो, ते हे शहर. पुढं मराठी राज्याचे पेशवे पुण्यात राहिले, पण छत्रपतींची गादी साताऱ्यातच होती.

"जन्म कुठं?" गणेशनं हळूच विचारलं.

आर्यानं पुस्तक उघडलं. माणगावजवळ गांगवली, म्हणजे कोकणात. सात वर्षांचे असताना रायगडावर ते आईसह मोगलांच्या हाती सापडले. औरंगजेबाच्या छावणीबरोबर फिरत वाढले आणि सुटले ते थेट १७०७ साली. साताऱ्यात आले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते.

गणेशनं खोडरबर उचललं, पण खोडलं नाही. सोहमकडे पाहिलं. सोहम म्हणाला, "राहू दे. राजा आहे तो. पुढचं बघू."

पुढचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं. राजवाड्यातली ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे आणि त्याच तारखेला महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस साजरा होतो. सोहमला हे सगळं तोंडपाठ होतं.

"जन्म महू. मध्य प्रदेशात," बाईच म्हणाल्या. मग खुर्ची ओढून मुलांजवळ बसल्या. "पण या मुलाची गोष्ट जन्मगावाशी संपत नाही. नीट ऐका. या गावात त्यांना वर्गात वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाट असे, तेही रोज घरून आणायचं आणि घरी न्यायचं, कारण शाळेतला नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर दिवसभर कोरडा घसा."

वर्ग गप्प झाला.

"एकदा सुट्टीत भिवा, त्यांचा मोठा भाऊ आणि भाचे परगावी नोकरीला असलेल्या वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना निरोप पोहोचलाच नव्हता, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आधी चांगलं बोलला. जात कळली तसा दूर झाला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही एका अटीवर. बैल मुलांनीच हाकायचे, तो बाजूनं चालणार. सोबत जेवणाचे डबे होते. पण रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही, म्हणून ते डबे तसेच राहिले. हे सगळं त्यांनी मोठेपणी स्वतः लिहून ठेवलंय. तेव्हा ते जेमतेम तुमच्याएवढे होते."

सोहमनं मान खाली घातली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. शाळेत नाव घातलं म्हणजे दार उघडलं असं नसतं. आत आलेल्याला बाकावर, आपल्या शेजारी, जागा द्यावी लागते.

तिसरं नाव कर्मवीर भाऊराव पाटील. आर्यानं आधी जन्मगावच शोधलं. कुंभोज, कोल्हापूर जिल्हा. या वेळी कुणी खोडरबराकडे पाहिलं नाही. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. इथल्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची खेड्यातली पोरं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. शिपायानं नळ सोडायची वाट पाहणारा मुलगा ज्या गावानं पाहिला, त्याच गावात पंचवीस वर्षांच्या आत ही पंगत बसली. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं. एकदा पोरांना जेवू घालायला पैसे उरले नाहीत, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. पुढं 'कमवा आणि शिका' ही योजना इथूनच गाजली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. देशातली पहिली सैनिक शाळाही साताऱ्यातच, १९६१ सालची. तिथं आजही गावोगावची मुलं येतात.

आता उद्योग. इथल्या कारखान्यात एकेकाळी 'प्रिया' स्कूटर बनत असे, हे समीरच्या आजोबांना माहीत होतं. पण आर्याला कंदी पेढा हवा होता, म्हणून गट भट्टीवर गेला. गणेशच्याच वडिलांच्या.

आत धग होती. मोठ्या लोखंडी कढईत म्हशीचं दूध आटत होतं आणि गणेशचे वडील लांब दांड्याच्या उलथण्यानं तळ खरवडत होते. हात क्षणभर थांबला तरी खवा लागतो.

"तयार झाला ते कसं कळतं, काका?" समीरनं विचारलं.

उत्तर गणेशनं दिलं. "कान दे. आता फदफद आवाज येतोय ना? तो मंद झाला की पाणी गेलं. मग खवा तांबूस होईपर्यंत भाजायचा. पाणी राहिलं तर पेढा लवकर आंबतो. भाजला की टिकतो. मग साखर, वेलदोडा." वर्गात दोन वाक्यं न बोलणारा गणेश इथं थांबत नव्हता. दारात दुधाच्या किटल्या उतरत होत्या. दूध आसपासच्या खेड्यांतलं. सोहमनं ते वहीत लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली, शहराचं पिण्याचं पाणी कासच्या तलावातून येतं, म्हणजे तेही डोंगरापलीकडून.

घरी जाऊन त्यानं आजीला विचारलं, "आपण पहिल्यापासून साताऱ्याचे ना?"

आजी शेंगा सोलत होती. "कुठलं रे! आपण माण तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ गाठला, जनावरं विकली, तेव्हा तुझे आजोबा मला घेऊन इथं आले. चिमणपुऱ्यात एका बाईनं भाडं न घेता दोन महिने खोली दिली. आम्ही कोण, कुठले, तिला काही ठाऊक नव्हतं."

"मग तुला कुणी बाहेरची म्हटलं नाही?"

"म्हणायचे की. नळावर म्हणायचे. पण त्या बाईनं कधी म्हटलं नाही." आजीनं शेंगा बाजूला ठेवल्या. "आज का विचारतोस?"

सोहमनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत लवकर आला. जुना तक्ता त्यानं गुंडाळून ठेवला आणि नव्या कागदावर तीन रकाने आखले. नाव. कुठून आले. काय केलं. शाहू महाराज, बाबासाहेब, कर्मवीर अशी नावं उतरवून झाल्यावर त्यानं खाली आजीचं नाव लिहिलं, त्याखाली खोली देणाऱ्या बाईंसाठी एक ओळ सोडली आणि पेन गणेशपुढे केलं.

"तुझ्या वडिलांचं लिही. गावाचं नाव मला नीट येत नाही."

गणेशनं लिहिलं. मग विचारलं, "तिसऱ्या रकान्यात काय?"

"पेढे," आर्या म्हणाली. "आणि नीट लिही, प्रदर्शनात लागणार आहे."

मधल्या सुट्टीत बाकीचे गट तक्ता बघायला जमले. कुणाचे आजोबा तासगावचे निघाले, कुणाची आई कर्नाटकातली, एकाचे पणजोबा राजस्थानातून कापडाचा गठ्ठा घेऊन आलेले. जो तो पेन मागू लागला. शेवटच्या मुलाची पाळी आली तेव्हा कागदावर जागाच उरली नव्हती.

"बाई, मी कुठं लिहू?"

जाधवबाई उठल्या आणि कपाटातून दुसरा कागद काढू लागल्या.