जुन्या यंत्राचा दोष आणि विक्रेत्याचें मौन

जुनी वस्तु विकत घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ हिशेबाचा वाटतो. किंमत किती, आयुष्य किती उरलें, दुरुस्तीस काय लागेल, एवढें कळलें कीं तो सुटला, अशी माझीही समजूत होती. गेल्या उन्हाळ्यांत ती ढळली. ती कशी ढळली हें सांगण्यासाठीं वाचकांस थोडा वेळ माझ्या घरच्या कारभारांत न्यावें लागत आहे.

माणदेशांतील आमची वडिलोपार्जित ९ एकर जमीन माझा धाकटा बंधु पाहतो. तींत निम्मा मुरमाड माळ आहे. तेथें ताल घालावयाचे, एक शेततळें काढावयाचें आणि ओढ्याचा गाळ आणून पसरावयाचा, असें पुष्कळ दिवस मनांत होतें. भाड्याचें यंत्र तासास हजार-बाराशें रुपये घेतें, आणि वळीव जवळ आला कीं मिळेनासें होतें. तेव्हां एक जुनें यंत्र घ्यावें, आपलीं कामें उरकावीं व उरलेले दिवस तें शेजाऱ्यांकडे भाड्यानें चालवावें, असें बंधूच्या मनानें घेतलें. पुढें बकेट व मागें खोदणारा हात असलेलें हें यंत्र कोणत्याही कारखान्याचें असो, खेड्यांत त्यास जेसीबीच म्हणतात. जोसेफ सिरिल बॅमफर्ड ह्या इंग्रज कारखानदाराच्या नांवाचीं हीं आद्याक्षरें आज आमच्याकडे नांगर-कुळवाइतकीं रुळलीं आहेत.

शेजारच्या गांवच्या एका ठेकेदाराकडे असें १२ वर्षांचें यंत्र विकाऊ होतें. अपेक्षा ८ लाखांची होती. आम्ही एका जाणत्या मिस्त्र्यास घेऊन गेलों. त्याची तपासणी हा मला एक धडाच झाला. इंजिन थंड असतांनाच चालू करावयास लावावें, कारण आधीं तापवून ठेवलेलें इंजिन आपली खोड लपवितें. धूर निळसर असेल तर तें तेल जाळीत आहे असें समजावें. बकेट उचलून इंजिन बंद करावें आणि ती आपोआप किती खालीं येते तें पाहावें. जेथें ताजा रंग दिसेल तेथें त्याखालीं वेल्डिंगचा सांधा शोधावा. मीटरवर ११,००० तासांचा आंकडा होता, पण मिस्त्र्यानें त्याकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. यंत्राचें वय मीटर सांगत नाहीं, सांध्यांतल्या झिजलेल्या पिना सांगतात, असें तो म्हणाला.

परंतु कांहीं दोष असे असतात, कीं ते तासाभराच्या तपासणींत दिसत नाहींत. ते मालकासच ठाऊक असतात. येथें हिशेब संपतो आणि नीति सुरू होते. मालकानें ते आपण होऊन सांगावे काय?

सिसेरोनें इ. स. पू. ४४ मध्यें लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत हा प्रश्न घातला आहे. दुष्काळ पडलेल्या ऱ्होड्स बेटावर एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य आणतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यास ठाऊक आहे, बेटावरील लोकांस नाहीं. त्यानें तें सांगावें, कीं गप्प राहून चढा भाव घ्यावा? बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, फसवूं नये, कायद्यानें सांगावयास लावलेले दोष सांगावे. पण गप्प राहणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याच्या हिताचें जें आपणांस ठाऊक, तें सर्व सांगितलेंच पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याकडे पडतो.

आपला कायदा मात्र बराचसा गुरूकडे झुकलेला आहे. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या १७ व्या कलमाखालीं घोड्याचा दृष्टांत दिला आहे. लिलावांत सदोष घोडा विकणारा मालक गप्प राहिला तर ती लबाडी होत नाहीं. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणें हें त्याचें कर्तव्य होतें. आणि आपण नाकारलें नाहीं तर मी घोडा निर्दोष समजेन, असें घेणाऱ्यानें बोलून दाखविलें, तर त्यानंतरचें मौन हें बोलण्याच्याच बरोबरीचें ठरतें.

ह्या तिसऱ्या दृष्टांताचा मीं आधार घेतला. ठेकेदारास म्हटलें, "तुम्ही कांहीं बोलला नाहींत, तर यंत्रांत दडलेला दोष नाहीं असें मी धरून चालेन." तो थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, चार तास चाललं की गाडी ओढत नाही. ट्रान्समिशन कामाला आलंय."

मिस्त्र्यानें दुरुस्तीचा अंदाज १ लाख २० हजार सांगितला. बंधूनें मला बाजूस घेतलें. "दादा, आता तो सापडला. हे बाहेर कळलं तर दुसरं कोण घेणार? साडेपाच लाखांच्या वर जायचं नाही."

तोंवर मी विक्रेत्याचें कर्तव्य तपाशीत होतों. आतां माझेंच कर्तव्य माझ्यापुढें येऊन उभें राहिलें. घेणाऱ्यानें घासाघीस करूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. दोष कळण्यापूर्वीं आम्ही साडेपांच लाख म्हटलें असतें, तर त्यांत गैर कांहींच नव्हतें. परंतु सत्य मीं मागून घेतलें होतें. त्याची जी खरी किंमत, म्हणजे दुरुस्तीचा खर्च, ती वजा करणें न्याय्य. त्याहून अधिक वजा करणें म्हणजे खरें बोलल्याबद्दल दंड करणें. तसा दंड झालेला मनुष्य पुढल्या वेळीं गप्प बसेल, आणि त्या मौनाचे पैसे कोणी तिसराच भरील. जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीं जॉर्ज अॅकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं दाखविलें, कीं घेणाऱ्यास भलें-बुरें ओळखतां येत नसलें कीं सर्वांस सारखाच भाव मिळतो, आणि मग चांगल्या मालाचा धनी बाजारांतून निघून जातो. बाजार असा ओस पाडण्यांत विक्रेत्याच्या मौनाइतकाच घेणाऱ्याच्या हावेचाही वांटा असतो, एवढें मला त्यांत जोडावेंसें वाटतें.

यंत्र आम्ही ६ लाख ८० हजारांस घेतलें. बंधु दोन दिवस माझ्याशीं धड बोलला नाहीं. पुढें जूनमध्यें हायड्रॉलिक पंपानें दगा दिला, तेव्हां त्यानें माझ्याकडे केवळ पाहिलें. तो दोष ठेकेदारास ठाऊक होता काय, हें मीं विचारलें नाहीं. ठाऊक असलाच, तरी माझें म्हणणें बदलत नाहीं. मात्र तें म्हणणें किती महाग पडूं शकतें, हें मला कळलें.

ट्रान्समिशन आणि पंप, दोहोंच्या दुरुस्तीची तारीखवार टांचणें बंधूनें एका वहींत केलीं आहेत. चार-पांच वर्षांनीं हें यंत्र आम्हीही विकूं. त्या दिवशीं घेणारा आम्हांस कांहीं विचारणार नाहीं, असेंही होईल. ती वही आम्ही आपण होऊन त्याच्या हातीं देऊं काय? अँटिपेटरचा पक्ष घेणें सोपें आहे. तो पाळण्याची पाळी आमच्यावर अजून यावयाची आहे.